विश्लेषण : जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी, संस्थानात छोटी रेल्वे... ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे कोण होते?

पनवेलच्या पूर्वेला दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगरावर १९०७ मध्ये जर्मन बनावटीच्या छोट्या वाफेच्या इंजिनांनी गाडी नेली. त्याच्या एकच वर्ष आधी एका मराठी महाराजांनी इंग्लंडच्या खेळण्यांच्या कंपनीकडून चांदीची आगगाडी बनवून घेतली होती. ती पाहुण्यांच्या जेवणाच्या मेजावर धावत असे. हे महाराज म्हणजे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे (पहिले नव्हे, दुसरे). त्यांचा रेल्वेचा नाद मेजावर संपला नाही. त्यातून सुमारे ४०० किलोमीटरची खरी रेल्वे उभी राहिली आणि तिने चंबळच्या खोऱ्यातील गावांना शंभर वर्षांहून अधिक काळ सेवा दिली.

हे नेमके कोणते माधवराव?

ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात नावांची पुनरावृत्ती आहे, त्यामुळे गोंधळ होतो. आजच्या पिढीला आठवतात ते १९८० च्या दशकातील रेल्वे राज्यमंत्री माधवराव शिंदे. त्यांच्या कारकिर्दीत १९८८ मध्ये पहिली शताब्दी एक्स्प्रेस सुरू झाली आणि २००१ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. हा लेख त्यांच्या आजोबांविषयी आहे. आजोबांचा काळ १८७६ ते १९२५. आजोबांनी संस्थानात रेल्वे बांधली आणि नातवाने देशाचे रेल्वे खाते सांभाळले, हा योगायोग मात्र लक्षात ठेवण्याजोगा.

नवव्या वर्षी गादी कशी मिळाली?

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव शिंदे, आई सख्याराजे. १८८६ च्या जून महिन्यात जयाजीराव वारले, तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. गादीवर बसले तरी कारभार हाती नव्हता. तो प्रशासक मंडळ पाहत होते आणि त्यावर ब्रिटिश रेसिडेंटची नजर होती. पूर्ण अधिकार १८९४ मध्ये मिळाले.

मिळालेला वारसा मोठा होता. ग्वाल्हेर हे २१ तोफांची सलामी मिळणाऱ्या देशातील पाच संस्थानांपैकी एक. १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला ग्वाल्हेरचा किल्ला जयाजीरावांच्या मृत्यूपूर्वी काही महिनेच आधी परत मिळाला होता. खजिना भरलेला होता आणि १८७४ मध्ये बांधून झालेला जयविलास राजवाडा नवाकोरा होता. या राजवाड्याच्या दरबार हॉलमधील दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची. त्यांचे वजन छताला पेलेल का, हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढवले होते, असे आजही सांगितले जाते.

रेल्वेचा नाद कुठून आला?

त्याचे मूळ वडिलांच्या व्यवहारात आहे. जयाजीरावांनी १८७२ मध्ये आग्रा–ग्वाल्हेर मार्गासाठी इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले. पुढच्याच वर्षी इंदूर–नीमच मार्गासाठी आणखी तेवढीच रक्कम दिली. म्हणजे माधवरावांच्या जन्माआधीच शिंद्यांचा पैसा रुळांत गुंतला होता. पण ती रेल्वे इंग्रजांची होती. ती कुठून जाईल, कुठे थांबेल, हे ठरवण्याचा अधिकार सावकाराला नव्हता.

माधवरावांना स्वतःची गाडी हवी होती. यंत्रांची त्यांना मनापासून हौस होती. पुढे मोटारी आल्या तेव्हा त्यांचाही नाद लागला, पण सुरुवात वाफेच्या इंजिनापासून झाली. १८९० च्या दशकात त्यांनी राजवाड्याच्या परिसरात दोन फुटी रुळांची छोटी ट्रामगाडी घातली. ते स्वतः इंजिन चालवत. इथपर्यंत ही गोष्ट इतर कोणत्याही हौशी संस्थानिकासारखीच आहे. वेगळेपण पुढच्या पावलात आहे.

हौसेची ट्राम लोकांची रेल्वे कशी झाली?

राजवाड्याभोवती फिरणारे रूळ माधवरावांनी संस्थानात बाहेर काढले. ग्वाल्हेर–भिंड, ग्वाल्हेर–शिवपुरी (तेव्हाचे नाव सिप्री) आणि ग्वाल्हेर–श्योपूर असे तीन फाटे एकामागून एक तयार झाले. १८९९ च्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे रीतसर उद्घाटन झाले. श्योपूरचा सुमारे २०० किलोमीटरचा फाटा १९०९ मध्ये पूर्ण झाला. दोन फुटी रुळांवरील तो जगातील सर्वांत लांब मार्गांपैकी एक गणला गेला.

दोन फुटी रूळ का निवडले, याचे उत्तर खर्चात आहे. रूळ जितके अरुंद, तितके वळण लहान घेता येते. भराव कमी लागतो, पूल हलके चालतात, इंजिन आणि डबेही स्वस्त पडतात. वेग आणि वहनक्षमता कमी मिळते, ही त्याची किंमत. पण ज्या मुलखात पर्याय बैलगाडीचा होता, तिथे ही किंमत परवडणारी होती. शिवाय तो काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ याच वर्षांत पडले. चंबळच्या ओसाड घळईंच्या मुलखात धान्य पोहोचवायला लोखंडी रस्ता असणे ही चैनीची बाब नव्हती.

माथेरानच्या गाडीशी काय साम्य?

रुळांची रुंदी तीच, दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. काळही जवळपास तोच. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीतून नेरळ–माथेरान रेल्वे उभी राहिली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये आणि गाडी सुरू झाली मार्च १९०७ मध्ये.

माथेरानची अडचण मात्र वेगळी होती. ग्वाल्हेरचा मुलूख बराचसा सपाट, तर इथे दर २० फुटांमागे एक फूट चढ आणि अतिशय तीव्र वळणे. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीने चार इंजिने बांधली. त्यांना सहा चाके होती. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांची रचना अशी होती की, वळणावर चाके किंचित बाजूला सरकत. ताठ आसाचे इंजिन जिथे रुळावरून उतरले असते, तिथे ही इंजिने वळून जात. १९८० च्या दशकापर्यंत ती कामावर होती. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, एक इंग्लंडमध्ये आणि एक नेरळला पाहायला मिळते.

चांदीची आगगाडी चालायची कशी?

आता मेजावरच्या गाडीकडे वळू. १९०६ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या कंपनीने माधवरावांसाठी ही गाडी तयार केली. पुढे चांदीचे इंजिन आणि मागे सात डबे. प्रत्येक डब्यावर एक रोमन अक्षर होते. सातही अक्षरे ओळीने वाचली की शिंदे घराण्याचे इंग्रजी नाव तयार होई. डब्यांत काचेच्या नक्षीदार सुरया असत, शिवाय सिगार आणि सुकामेवा.

मेजाच्या कडेने रूळ घातलेले होते. इंजिन वाफेचे दिसत असले, तरी ते विजेवर चालत असे. पेटता दिवा आणि उकळते पाणी असलेले इंजिन जेवणाच्या मेजावर सोडणे धोक्याचे होते. गाडी सोडण्याचे आणि थांबवण्याचे नियंत्रण महाराजांच्या आसनापाशी होते. पाहुण्याने डब्यातील सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे आणि सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. सुरईच्या वजनावर विजेचा प्रवाह जोडण्या-तोडण्याची ही युक्ती होती.

एका मेजवानीत ही गाडी बिथरली, सुसाट सुटली आणि बड्या इंग्रज पाहुण्यांच्या अंगावर पदार्थ उडवत गेली, अशी गोष्ट रंगवून सांगितली जाते. माधवरावांना थट्टामस्करीची आवड होती, हे खरे. त्यामुळे ही गोष्ट त्यांना चिकटली. तिच्याकडे आख्यायिका म्हणूनच पाहायला हवे.

या खेळण्याचा जर्मनीशी काय संबंध?

त्या काळी खेळण्यातल्या रेल्वेची खरी राजधानी जर्मनी होती. गोपिंगेन येथील मार्कलिन कंपनीने १८९१ च्या लाइपझिग जत्रेत ठरावीक रुंदीचे रूळ आणि त्यांना जोडता येणारे जादा भाग विक्रीला आणले. तोपर्यंत खेळण्यातली गाडी एकदा घेतली की विषय संपत असे. आता एक इंजिन घेतलेला माणूस पुढच्या वर्षी सांधा घ्यायचा, मग पूल, मग स्थानक. संग्रह करण्याची हौस इथूनच वाढली. न्यूरेंबर्गची बिंग कंपनी या धंद्यात मार्कलिनची मोठी स्पर्धक होती.

या जर्मन मॉडेलांपैकी अनेक इंजिने खरोखर वाफेवर चालत. पितळी बाष्पकात पाणी भरायचे, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा आणि वाफेचा दाब वाढला की दट्ट्या हलू लागायचा. पाणी संपले आणि दिवा पेटताच राहिला, तर बाष्पकाचे जोड वितळत. म्हणून हे खेळणे मुलांपेक्षा मोठ्यांनीच जपून चालवायचे.

बॅसेट-लोक कंपनीचा उदयही याच जर्मन कारागिरीवर झाला. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक यांना १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात बिंगची इंजिने दिसली. त्यांनी स्टेफान बिंग यांच्याशी बोलणी करून ब्रिटिश रेल्वेच्या धर्तीची इंजिने न्यूरेंबर्गमध्ये बनवून घेतली आणि इंग्लंडमध्ये विकली. सहा वर्षांनी ग्वाल्हेरच्या राजवाड्यातून मागणी आली, तेव्हा कंपनीचे नाव झालेले होते ते बऱ्याच अंशी या जर्मन इंजिनांमुळे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि हा व्यापार तुटला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक मंदीत बिंग कंपनी बुडाली. मार्कलिन आजही टिकून आहे.

रेल्वेबाहेर त्यांनी काय केले?

माधवराव केवळ खेळणी जमवणारे राजे नव्हते. पैसा कुठे लावायचा, याची त्यांना जाण होती. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्याला खेळत्या भांडवलाची गरज पडली, तेव्हा चार लाख पौंडांचे सर्व कर्जरोखे त्यांनी एकट्यांनी घेतले. १९२१ मध्ये बिर्लांनी ग्वाल्हेरमध्ये कापड गिरणी काढली आणि तिला जयाजीरावांचे नाव दिले.

त्यांच्या एका जहाजाची गोष्ट तर प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असायला हवी. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्यांनी एक जुनी प्रवासी बोट विकत घेऊन तिचे रुग्णालय-जहाज केले आणि नाव ठेवले लॉयल्टी. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार यांनी ती बोट घेतली. त्यांच्या कंपनीलाही सिंदिया स्टीम नेव्हिगेशन हे नाव मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिशांच्या सागरी मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. राजनिष्ठा दाखवण्यासाठी घेतलेली बोट स्वदेशी नौकानयनाची सुरुवात ठरली.

संगीतातही त्यांचे नाव आहे. १९१८ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. किल्ल्यावरील आजच्या सिंदिया स्कूलचे मूळही त्यांनी १८९७ मध्ये काढलेल्या सरदार स्कूलमध्ये आहे.

मोडलेला विवाह काय होता?

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या इंदिराराजे यांच्याशी माधवरावांचा विवाह ठरला होता. माधवरावांना पहिल्या पत्नी चिंकूराजे यांच्यापासून मूल नव्हते आणि गादीला वारस हवा होता. दोन मोठी मराठी संस्थाने जोडली जाणार म्हणून या सोयरिकीचा गाजावाजा झाला. पण १९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास इंदिराराजे यांचे मन कूचबिहारचे राजकुमार जितेंद्र यांच्यावर जडले आणि त्यांनी स्वतःच हे लग्न मोडले. वयाने सोळा वर्षांनी मोठा, आधीच विवाहित आणि पडदा पाळणारा राजा त्यांना नको होता. त्या काळी एका राजकन्येने असा नकार देणे ही खळबळजनक घटना होती.

१९१३ मध्ये इंदिराराजे यांचे लग्न जितेंद्र यांच्याशी लंडनमध्ये झाले. त्याच सुमारास माधवरावांनी गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी विवाह केला. त्यांना कमलाराजे आणि जिवाजीराव ही दोन अपत्ये झाली. ब्रिटिश राजा-राणीच्या सन्मानार्थ मुलीच्या नावाला मेरी आणि मुलाच्या नावाला जॉर्ज जोडले गेले.

अपयश कुठे आले?

दोन घटना महत्त्वाच्या. पहिली तिघरा धरणाची. ग्वाल्हेरला पाणी पुरवण्यासाठी सांक नदीवर हे दगडी धरण बांधले गेले. ते नुकतेच पूर्ण झाले होते, तोच १९१७ च्या पावसाळ्यात फुटले. पायाखालच्या दगडांतून पाणी झिरपून पाया कमकुवत झाला होता. खालच्या भागात मोठी जीवितहानी झाली. धरण पुढे दुरुस्त झाले आणि आजही ग्वाल्हेरला पाणी देते. पण एका धडाडीच्या, घाईच्या राजवटीची किंमत सामान्य लोकांनी मोजली, ही नोंद पुसता येत नाही.

दुसरी घटना सिंहांची. माधवराव वाघांचे नामांकित शिकारी होते. त्यांनी वाघाच्या शिकारीवर पुस्तकही लिहिले. संस्थानात सिंह असावेत, या इच्छेने त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवले आणि काही काळ सांभाळून जंगलात सोडले. ते गुराढोरांवर आणि माणसांवर हल्ले करू लागले. अखेर ते मारले गेले किंवा नाहीसे झाले. ज्या श्योपूर–शिवपुरी पट्ट्यात हा प्रयोग फसला, त्याच पट्ट्यातील कुनोमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये आफ्रिकेतून चित्ते आणले गेले.

दोन्ही घटनांत समान धागा आहे. संस्थानिकाला रेसिडेंटचा धाक होता, पण प्रजेचा नव्हता. मेजावरची गाडी एका कळीने थांबे. धरणाचे पाणी आणि जंगलातले सिंह यांना ती सोय नव्हती.

महाराष्ट्राशी नाते टिकले होते का?

शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. माधवरावांच्या काळात उत्तरेत येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली होती, तरी घरची भाषा आणि रीतिरिवाज मराठीच होते. पुण्यात वानवडीला महादजी शिंदे यांचे निधन झाले, तिथल्या छत्रीकडे ग्वाल्हेर दरबाराचे सतत लक्ष होते. पुण्यातील अखिल भारतीय शिवाजी स्मारकाच्या कामात कोल्हापूरच्या शाहू महाराजांबरोबर माधवरावांचाही पुढाकार होता. स्मारकाची पायाभरणी नोव्हेंबर १९२१ मध्ये झाली. शाहू महाराज १९२२ मध्ये आणि माधवराव १९२५ मध्ये गेले. १९२८ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

अखेर कशी झाली?

५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये माधवरावांचे निधन झाले. वय अवघे ४८. शिवपुरी येथे आईच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री आहे. मुलगा जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. वडिलांच्या वाट्याला आले तेच मुलाच्या वाट्याला आले : लहान वयात गादी, प्रशासक मंडळ आणि अधिकारांसाठी दीर्घ प्रतीक्षा. जिवाजीरावांना पूर्ण अधिकार १९३६ मध्ये मिळाले.

आज काय शिल्लक आहे?

संस्थानची रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. भिंड आणि शिवपुरीचे छोटे मार्ग आधीच इतिहासजमा झाले. श्योपूरची गाडी मात्र छतावर बसलेल्या प्रवाशांसह २०२० पर्यंत धावत होती. टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज मार्गाचे काम हाती घेण्यात आले.

चांदीची आगगाडी जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात जेवणाच्या मेजावर मांडलेली आहे. हे संग्रहालय १९६४ पासून लोकांसाठी खुले आहे. ज्यांना इतक्या लांब जायचे नाही, त्यांच्यासाठी पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, तिथे चालती मॉडेल पाहता येतात. आणि पनवेलकरांना तर नेरळपर्यंतच जायचे आहे. दोन फुटी रुळांवरची गाडी डोंगर कसा चढते, हे तिथे आजही प्रत्यक्ष पाहायला मिळते.